साखरेपासून मिठापर्यंत

आमच्या अंकुशनगरच्या कडेने जो महामार्ग जातो, त्याला आम्ही अजूनही ‘धुळे-सोलापूर रोड’च म्हणतो. अंबड तालुक्यातलं हे छोटंसं ठिकाण समर्थ साखर कारखान्याभोवती वाढलेलं. हंगामात या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची नुसती रांग. हंगाम संपला, भोंगा थांबला की परप्रांतातले लांबलचक ट्रक तेवढे दिसायचे. राजस्थानचे, हरियाणाचे, कर्नाटकाचे. हे कुठून येतात आणि कुठे जातात, असा प्रश्न आम्हा बायकांना कधी पडला नाही. कारण आमच्यापुरता हा रस्ता तुळजापूरला संपत होता!

खरं म्हणजे तो तिथे संपत नाही. पूर्वी या रस्त्याचा नंबर २११ होता. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांची नव्याने आकडेमोड झाली आणि तो ५२ झाला. पंजाबातल्या संगरूरहून तो निघतो. हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून धुळ्याला येतो, छत्रपती संभाजीनगरवरून आमच्या दारात पोचतो आणि पुढे बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत कर्नाटकातल्या अंकोल्याला थेट अरबी समुद्राजवळ जाऊन थांबतो. एकूण लांबी सुमारे २३०० किलोमीटर. आमच्यापासून समुद्राचं टोक साधारण पावणेसातशे किलोमीटर असेल. म्हणजे आपल्या गल्लीतून बाहेर पडायचं, एकदा वळायचं आणि मग सरळ समुद्रच गाठायचा. मुलांनी मोबाइलवरच्या नकाशात हे शोधून काढलं आणि आमच्या घरात मागच्या उन्हाळ्यात ‘समुद्र समुद्र’ सुरू झालं.

मैत्रिणींनो, आपला प्रवास म्हणजे काय असतो हो? माहेर, लग्नकार्य, दवाखाना आणि देवदर्शन. त्यातही गाडी कुठे थांबणार, किती वेळ थांबणार हे आपल्याला कुणी विचारत नाही. गडीमाणसं किलोमीटर मोजतात. ‘चार तासांत पोचलो, कुठं थांबलो नाही’ हे कौतुकाने सांगतात. मागच्या सीटवर बसलेलीने त्या चार तासांत घोटभरही पाणी प्यायलेलं नसतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

वही आधी, गाडी नंतर

आमच्यात जायचं कुणी, यावर पहिला वाद झाला. आम्ही दोघी जावा, आमचे हे, भाऊजी आणि तीन मुलं, एवढं पक्कं होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मात्र काही केल्या तयार होईनात. वय सत्तरीच्या पुढे. ‘‘मला काय करायचाय समिंदर? तुमी या जाऊन. मी घर राखते,’’ एवढंच म्हणायच्या. ह्यांना वाटलं, खर्चाचा विचार करतात. भाऊजींना वाटलं, गुडघे दुखतात म्हणून नको म्हणतात. दोघांनी आपापल्या परीने समजूत घातली. उपयोग शून्य.

मग एका दुपारी शेंगा फोडता फोडता त्या धाकट्या जावेला हळूच म्हणाल्या, ‘‘गाडीत समदी गडीमाणसं. त्यात परका ड्रायव्हर. मला घडीघडी जावं लागतंय. सारखं ‘थांबवा थांबवा’ कसं म्हणावं गं? लाज वाटती.’’

बस्स, एवढंच कारण होतं! आयुष्यात या बाईने प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, हाच नियम पाळलेला. लग्नाच्या वऱ्हाडात, यात्रेच्या ट्रकमध्ये, एसटीत, सगळीकडे. आणि हा नियम त्यांच्या एकटीचा नाही. तुम्ही-आम्हीही तो पाळतोच की. फक्त बोलत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात पाणी न पिता, लघवी अडवून तासन् तास बसायचं. मग घरी आल्यावर जळजळ, ताप, कंबर धरणं, चक्कर. आपण म्हणतो, ‘प्रवास बाधला’. बाधतो तो प्रवास नव्हे, बाधतो तो संकोच.

जावेने त्याच संध्याकाळी मुलांची एक कोरी वही घेतली आणि वर लिहिलं, ‘थांबे’. नियम एकच. दर दीड तासाला गाडी थांबणार. कुणी म्हणो अगर न म्हणो. थांबा कुठला, तिथे बायकांची सोय काय, सावली आहे का, आत्याबाईंना पायऱ्या किती, हे सगळं आधी लिहायचं आणि मगच गाडी ठरवायची. कुणालाही तोंड उघडून मागावं लागू नये, हाच त्या वहीचा मुद्दा होता. ह्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, ‘‘असं थांबत गेलो तर पोचायला चार दिवस लागतील.’’ जाऊबाई म्हणाल्या, ‘‘लागू द्या की भाऊजी. सुट्टी महिन्याची आहे.’’

आत्याबाईंना वही वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘धपाटे किती दिवसांचे करायचे?’’ तोच त्यांचा होकार.

पहिला दिवस : गंगेपासून सिद्धेश्वरापर्यंत

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे पाचला भाड्याची जीप दारात आली. डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं पन्हं. पहिला थांबा तर जवळच होता. शहागडचा गोदावरीचा पूल! आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. उन्हाळ्यात पात्र आटलेलं, तरी आत्याबाईंनी हात जोडले, नाणं टाकलं आणि वहीतल्या पहिल्या थांब्यावर नातवाकडून टिक करवून घेतली.

बीडच्या थोडं पुढे खजाना विहीर आहे. वर्षानुवर्षं तिच्या जवळून बसने गेलो, पण कधी उतरलो नव्हतो. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही गोल, रुंद विहीर. हिचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून शेतांपर्यंत नेलेलं. पंप नाही, मोट नाही, नुसत्या उताराने पाणी जायचं. मुलांनी वाकून पाहिलं आणि ‘यात मोटर कुठंय?’ म्हणून विचारलं. टँकरच्या गावातल्या मुलांना हा प्रश्न पडणारच. बीड गावात कंकालेश्वराचं जुनं देऊळ आहे, तेही कुंडाच्या मधोमध, पाण्यात उभं. ज्या भागाला सगळे दुष्काळी म्हणतात, तिथल्या जुन्या माणसांनी पाण्याचा किती विचार केला होता, हे या दोन ठिकाणी समजतं.

मांजरसुंब्याजवळून कपिलधारचा फाटा लागतो. तिथे मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात धबधबा. उन्हाळ्यात धबधब्याची अपेक्षा ठेवू नका. आम्ही तो श्रावणासाठी राखून ठेवला.

पुढचा अनुभव मात्र सांगायलाच हवा. वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर वहीप्रमाणे थांबलो, तर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. विचारलं तर ‘किल्ली मालकाकडे’. एरवी आपण मान खाली घालून परत गाडीत बसतो. जाऊबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. शांतपणे म्हणाल्या, ‘‘मालकांना फोन लावा. आम्ही थांबतो. आम्हाला घाई नाही.’’ पाच मिनिटांत किल्ली सापडली! महामार्गावरच्या पंपांवर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी असावं, असा नियम आहे. हे आपल्याला ठाऊक असलं की आवाज आपोआप स्थिर राहतो. आमच्या मागून एका दुसऱ्या गाडीतल्या तिघी उतरून आल्या. त्या बहुधा आधीपासून गाडीत बसून बघत होत्या.

येरमाळ्याला येडेश्वरीचा डोंगर. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत इथे चुनखडी वेचायला लाखो भाविक येतात. यात्रा सरल्यावर आलो म्हणून आम्हाला निवांत दर्शन झालं. दुपारचं ऊन टाळून धाराशिवला जेवलो, पाठ टेकली आणि चारनंतर तुळजापूर. ओटी भरताना आत्याबाईंनी नवा कोरा खण पुढे केला. त्या खणाची गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

देवळातून बाहेर आल्यावर गाडी डावीकडे, गावाकडे वळायच्या ऐवजी पुढे निघाली. आत्याबाई काचेतून मागे बघत म्हणाल्या, ‘‘इथून पुढं मी कधीच आले नव्हते.’’ लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालेली. रस्ता दारातलाच.

रात्री सोलापूर. सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ दिव्यांत फार सुरेख दिसतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा एक चादर घेणं आलंच. पण आम्हा बायकांना जास्त आवडली ती कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, खुटखुटीत, कित्येक दिवस टिकणारी. सोबत शेंगाची लाल चटणी. प्रवासाला याहून चांगलं काय असणार? आम्ही दोन गठ्ठे बांधून घेतले.

दुसरा दिवस : घुमटातली कुजबुज

सोलापूरहून विजयपूर, म्हणजे पूर्वीचं विजापूर, साधारण शंभर किलोमीटर. मध्ये टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. पाट्या कानडी झाल्या, पण शेतं तीच, ज्वारीचा कडबा तोच, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका त्याच. कित्येकींच्या अंगावर इरकल. आत्याबाई एकदम ताठ बसल्या. त्यांच्या लग्नातलं लुगडं इरकलच होतं. आपण ज्याला इरकल म्हणतो, ते इलकल गाव पुढच्या बागलकोट जिल्ह्यातलं, हे त्यांना तेव्हा समजलं. आणि तो तुळजाभवानीच्या ओटीतला खण? खणांचं जुनं, नावाजलेलं गाव गुळेदगुड्डही त्याच जिल्ह्यातलं. आपण ज्याला आपला म्हणतो, त्या खणाचं माहेर या रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे. विजयपूरच्या बाजारात दुकानदार कानडी, आत्याबाई मराठवाडी. पण काठ, पदर, पोत यावर दोघांचं अर्धा तास व्यवस्थित बोलणं झालं. भाव मात्र बोटांवर!

गोलघुमट सकाळी लवकर गाठा. एक तर ऊन नसतं आणि दुसरं म्हणजे गर्दी नसते. नंतर पोरांच्या आरोळ्यांनी घुमटातलं काहीच ऐकू येत नाही. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये पुरी झाली. शहाजीराजे याच बादशहाच्या दरबारी सरदार होते. घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून वर सज्जात गेलं की भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली तर ती सात-आठ वेळा परत येते. घुमटाच्या गोलाईने आवाज विखरत नाही, भिंतीच्या कडेकडेने फिरत पलीकडे जातो.

आत्याबाईंना तेवढ्या पायऱ्या झेपणार नव्हत्या. वहीत ते आधीच लिहिलं होतं. एक जण त्यांच्याजवळ खाली सावलीत बसणार आणि तो ‘एक जण’ बाई असणार नाही! भाऊजी बसले. आम्ही दोघी जावा वर गेलो. ती एका टोकाला, मी समोर. पलीकडून हळू आवाज आला, ‘‘ताई, पाणी प्यालात का?’’ मी हसले तर तेही सात वेळा घुमलं.

दुपारनंतर इब्राहिम रोजा. इब्राहिम आदिलशहा दुसरा याने आपली राणी ताज सुलताना हिच्यासाठी ही वास्तू बांधायला घेतली आणि पुढे तोही तिथेच पुरला गेला. गोलघुमटापेक्षा मला ही जास्त भावली. पायऱ्या थोड्या, बाग मोठी, झाडांची सावली. आत्याबाई तिथे बाकावर तासभर बसल्या. कुणी ‘चला चला’ केलं नाही.

तिसरा दिवस : तीन नद्या आणि एक फलाट

विजयपूरहून निघालं की कोल्हारजवळ कृष्णा. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे इथे नदी केवढी तरी पसरट दिसते. मुलांनी हिशेब मांडला. गोदावरी, भीमा, कृष्णा, तिन्ही आपल्या समुद्राच्या उलट दिशेला, पूर्वेला जाणाऱ्या. मोठी म्हणाली, ‘‘म्हणजे आपण नद्यांना आडवं जातोय.’’ भूगोलाच्या पुस्तकात हे कितीदा पाठ केलं असेल! पण पुलावर उभं राहून जे समजतं, ते विसरत नाही.

वाटेत बदामीला जाणारा फाटा लागला. सहाव्या शतकातली चालुक्यांची लेणी आणि जवळच बनशंकरी, जी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. तुमची कुलदेवता ती असेल तर इथे एक मुक्काम वाढवाच. आमच्या वहीत ते नव्हतं.

या पट्ट्यात गाडी थांबवायला मोठी हॉटेलं कमी. मग वहीतला दुसरा उपाय. गाव आलं की शाळा, ग्रामपंचायत किंवा सरळ एखादं घर. एका घरी विचारलं. भाषा येत नव्हती, पण बाईला काय हवंय, हे बाईला लगेच कळतं. त्या माउलीने मोरी दाखवली, ताक दिलं आणि ज्वारीची कडक रोटी समोर ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर सोलापूरची भाकरी!’’ कानडीत ‘रोट्टी’, सोलापुरात ‘कडक भाकरी’. नाव बदललं, हात तोच. निघताना आत्याबाईंनी तिला आमच्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि कुंकू लावलं.

हुबळीला मुलांचा हट्ट होता तो रेल्वे स्टेशनचा. इथला फलाट १५०७ मीटर लांब आहे. २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा जगातला सगळ्यात लांब फलाट म्हणून त्याची नोंद झाली. मुलं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली आणि घामाघूम होऊन, भलतीच खूश होऊन परतली. स्टेशनला सिद्धारूढ स्वामींचं नाव दिलं आहे. त्यांचा मठ गावातच. संध्याकाळी तिथे गेलो, प्रसाद घेतला आणि धारवाडी पेढ्याचा पुडा बांधून घेतला.

चौथा दिवस : समोर पाणी

हुबळीच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि हळूहळू सगळं हिरवं होऊ लागतं. यल्लापूरचं जंगल, मग अरबैलचा वळणावळणाचा घाट. चार दिवस उघडे माळ बघून आलेल्या डोळ्यांना मे महिन्यातली ही सावली खरी वाटेना. इथली नदी गंगावळी. नाव ऐकून आत्याबाई म्हणाल्या, ‘‘इथं बी गंगाच!’’ फरक एवढाच की ही गंगा पश्चिमेला, आपल्या बरोबरीने समुद्राकडे निघालेली. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी पोट भरून बसू नये. आवळासुपारी तोंडात धरावी.

अंकोल्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बाजारात बायका आंबे घेऊन बसलेल्या. इथला ईशाड आंबा नावाजलेला आहे. फार गोड, रसाळ. भाषा कानडी आणि कोकणी, पण मराठी बऱ्याच जणांना समजते. आंबे घेतले आणि किनाऱ्याकडे निघालो.

आता समुद्राचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही सिनेमात पाहिलाच आहे. आत्याबाईंनी काय केलं, ते सांगते. जीपमधून उतरल्या, चप्पल काढली. दोघी नातींच्या खांद्यावर हात ठेवून पाण्यापर्यंत गेल्या. गुडघ्याएवढं पाणी आलं, तेव्हा ओंजळीत घेतलं, डोक्याला लावलं आणि मग तीर्थ घ्यावं तसं जिभेला. तोंड वाकडं झालं. बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘‘एवढं पाणी हाय अन् घोटभर पिता येईना. आमच्याकडं टँकरची वाट बघती बाई. देवाचा काय हिशेब म्हणावा?’’

आमच्यापैकी कुणालाच त्यावर बोलायला सुचलं नाही. पण त्या तिथून अंधार पडेपर्यंत हलल्या नाहीत. आणि हो, त्या दिवशी त्यांनी दोन शहाळी आणि तांब्याभर ताक प्यायलं होतं. कुणाला न विचारता.

दुसऱ्या दिवशी गोकर्णाजवळच्या साणीकट्ट्याची मिठागरं पाहिली. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन ते आटवतं आणि पांढरे ढीग उरतात. पाऊस येईपर्यंतच हा हंगाम. आपल्याकडे उसाचा रस आटवून साखर, इथे समुद्र आटवून मीठ. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात अंकोल्याने मोठा वाटा उचलला होता, हेही इथे आवर्जून सांगतात. आत्याबाईंनी जाडं मीठ पदरात बांधून घेतलं. म्हणाल्या, ‘‘साखरेच्या गावाला मिठाचा वानोळा.’’

याच अंकोला तालुक्यातल्या दोन बायकांची नावं आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवीत. होन्नळ्ळीच्या तुलसी गौडा. शाळेचं तोंड न पाहता जंगलातलं झाडन् झाड ओळखणाऱ्या, वन खात्याच्या रोपवाटिकेत आयुष्य घालवलेल्या. पद्मश्री घ्यायला त्या राष्ट्रपती भवनात अनवाणी गेल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. दुसऱ्या सुक्री बोम्मगौडा. हलक्की जमातीची शेकडो गाणी त्यांच्या गळ्यात होती. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्या दारातल्या रस्त्याच्या टोकाला अशा दोघी राहत होत्या आणि आपल्याला पत्ता नव्हता!

निघण्याआधी हे लिहून ठेवा

उन्हाळ्यात पहाटे निघा. अकरा ते चार कुठेतरी सावलीत टेका.

दर दीड तासाचा थांबा आधीच ठरवा आणि तो ड्रायव्हरदादांना घरातल्या पुरुषाने नव्हे, तुम्ही स्वतः सांगा.

एका पिशवीत मग, साबण, नॅपकिन, सॅनिटरी पॅड आणि कागदी पिशव्या वेगळ्या ठेवा. आडोशासाठी जुनी साडी फार कामाला येते. प्रवासात पाळी येईल म्हणून बेत मोडू नका. थांबे पक्के असतील तर अडचण होत नाही.

पाणी घोट घोट, पण सारखं प्या. ओआरएसची पाकिटं, पन्हं, ताक सोबत असू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या डिकीत नव्हे, हाताशी ठेवा.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२.

स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. मात्र ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकातला बायकांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा पुढच्या तिकिटाचे पैसे धरून चला. एसटीने जाताना वहीत बसस्थानकं लिहा. कंडक्टरला ‘गाडी किती वेळ थांबेल?’ हे चढतानाच विचारा.

आम्ही परत येऊन आता कितीतरी महिने झाले. नवा हंगाम सुरू झाला, रस्ता पुन्हा उसाने भरला. ह्यांचं मत विचाराल तर ते अजूनही म्हणतात, जरा जास्तच थांबलो. पण परवा चुलत दिराच्या मुलीच्या लग्नाला नांदेडला जायचं होतं, तर निघायच्या आधी स्वतःच विचारत होते, ‘‘थांबे कुठे कुठे?’’

‘थांबे’ची ती वही सध्या आमच्या घरात नाही. शेजारच्या काकूंनी पंढरपूरसाठी नेली होती. त्यांच्याकडून ती समोरच्या आळीत गेली. तिथल्या चौघी जणी एसटीने सोलापूरला निघाल्यात म्हणे. वहीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी वेगळ्या अक्षरात दोन नवीन थांबे लिहून ठेवलेत, वेळेसकट आणि नळाला पाणी असतं की नाही, यासकट.